शंका-समाधान : ओटा घालण्याआधी

मुळशीतल्या भरे, घोटावडे, पिरंगुट या पट्ट्यात जुनी घरं उतरवून नवी बांधणं जोरात चालू आहे. या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचा विषयही त्यामुळे एकच आहे: नवं स्वयंपाकघर. आखणीपासून ट्रॉल्या बसवण्यापर्यंत जमेल तेवढं काम घरच्या घरी करायची अनेकांची इच्छा आहे. जरूर करा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. त्या खोलीत रोज जी व्यक्ती उभी राहणार आहे, तिच्या मापानं सगळं ठरवा. आणि सामान घ्यायला धावण्याआधी कामाचा क्रम कागदावर उतरवा. फरशीवर खडूनं काढलेली चूक फडक्यानं पुसता येते, ग्रॅनाइटखाली गेलेली चूक फोडूनच काढावी लागते.

प्रश्न : भरे गावात आम्ही नवं घर बांधलं. स्वयंपाकघर आतून दहा फूट बाय आठ फूट आहे. प्लास्टर झालं आहे, फरशी आणि टाइल्स व्हायच्या आहेत. ओटा गवंडी घालील. आखणी, कपाटं, ट्रॉल्या मी आणि माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी करणार आहोत. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, भरे)

सुरुवात मोजण्यापासून करा, आणि ती प्लास्टर झालेल्या भिंतीवरच करा. नकाशातलं माप आणि प्रत्यक्षातलं माप यांत इंच-दोन इंचांचा फरक सर्रास पडतो. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या उंचीवर. तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरून कपाटं करा. कोपरा गुण्यात आहे का, हे तपासायला एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं, तर कोपरा काटकोनात आहे. कमीजास्त आलं तर गवंड्याला आत्ताच सांगा. ट्रॉली अडकल्यावर सांगून उपयोग नाही.

मग फरशीच्या जागी खडूनं ओटा, फ्रिज, दार उघडण्याचा घेर असं सगळं खऱ्या मापात आखा. ओट्याची खोली साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट धरतात. तुमची खोली आठ फूट रुंद आहे. समोरासमोर दोन ओटे घातले तर मधे चार फूट उरतात, आणि दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करतात तेव्हा तेवढी जागा लागतेच. ओटा एल आकाराचा केलात तर सिंक खिडकीखाली आणि शेगडी दुसऱ्या बाजूला घ्या. दोन्हींच्या मधे किमान दोन फूट मोकळा ओटा ठेवा. चिरायचं, मळायचं, वाढायचं सगळं काम त्या दोन फुटांवर होतं.

शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन बिंदू जोडून त्रिकोण काढण्याची पद्धत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात रूढ झाली. तिन्ही बाजूंची बेरीज चार ते आठ मीटरच्या दरम्यान असावी, असा तो आडाखा आहे. आपल्याकडे त्यात चौथा बिंदू धरावा लागतो, तो म्हणजे धान्याची कोठी. मुळशीत घरचा तांदूळ वर्षभराचा साठवतात, आणि ती कोठी नंतर कुठेतरी सरकवू म्हटलं की ती दाराआड किंवा ट्रॉलीच्या वाटेत येते. तिची जागा आत्ताच आखा: जमिनीपासून थोडी वर, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीपासून दूर.

आखून झालं की रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईंना त्या रेघांमध्ये उभं करा. चहापासून जेवण वाढण्यापर्यंतची सगळी हालचाल नुसती चालून दाखवायला सांगा. त्या जिथे अडतील तिथली रेघ बदला.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी सांडपाण्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप, मग विजेच्या नळ्या, मग चिमणीचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं भोक. हे सगळं झालं की पाइपमध्ये दाबानं पाणी भरून रात्रभर गळती बघा. मगच खाचा बुजवा. त्यानंतर फरशी, ओटा, ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स आणि शेवटी कपाटं. खाचा बुजवण्यापूर्वी भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे भिंतीत स्क्रू मारताना पाइप कुठे आहे हे त्या फोटोवरूनच कळेल.

प्रश्न : माझी उंची पाच फूट सहा इंच आहे, सासूबाईंची चार फूट दहा इंच. दोघीही स्वयंपाक करतो. गवंडी म्हणतो, ओटा सगळ्यांकडे ३२ इंचांचाच असतो. तो म्हणतो तसंच करावं का? (एक वाचक, घोटावडे)

गवंड्याचा आकडा सरासरीचा आहे, त्यामुळे तो तुम्हाला ठेंगणा पडेल आणि सासूबाईंना जेमतेम चालेल. उंची ठरवायची ती कोपरावरून. सरळ उभं राहून हात कोपरात दुमडा आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. चिरण्यासाठी ओटा त्याहून १० ते १५ सेंटीमीटर खाली हवा. कणीक मळताना आणि भाकरी थापताना वरून भार द्यावा लागतो, म्हणून ती जागा आणखी थोडी खाली असेल तर खांदे दुखत नाहीत.

तुमच्या घरात दोन उंच्या करणं शक्य आहे, आणि एरवीही तेच योग्य ठरतं. सिंकचा तळ ओट्याच्या पृष्ठभागापेक्षा १८ ते २० सेंटीमीटर खाली असतो. भांडी घासताना आपण त्या तळाशी वाकतो, म्हणून सिंककडचा ओटा उंच असला तरी चालतो. शेगडीकडे उलट होतं. ओटा, त्यावर शेगडी, त्यावर कुकर, असं करत कुकरचं झाकण पार छातीपर्यंत येतं. म्हणून शेगडीकडचा भाग खाली घ्या. सिंककडे ८८ आणि शेगडीकडे ८० सेंटीमीटर धरून बघा. सासूबाई शेगडीपाशी जास्त वेळ असतील, तर ही विभागणी दोघींनाही मानवेल.

मात्र आकड्यावर भरवसा ठेवून दगड कापायला देऊ नका. टेबलावर पाट, पाटाखाली विटा असं करून त्या उंचीचा कच्चा ओटा उभा करा. त्यावर परात ठेवून खरोखर दोन-चार भाकरी थापा, विळीऐवजी सुरीनं भाजी चिरा. पाठ काय म्हणते ते अर्ध्या तासात कळतं. ओट्याच्या पुढच्या कडेखाली जमिनीलगत १० सेंटीमीटर उंच आणि ७-८ सेंटीमीटर आत अशी पावलांसाठी जागा सोडायला विसरू नका. ती नसली की पाय ट्रॉलीला अडतात आणि माणूस दिवसभर कमरेतून पुढे झुकून उभा राहतो.

प्रश्न : तयार ट्रॉल्या बसवून घेतल्या होत्या. दोन पावसाळ्यांत सिंकखालच्या फळ्या फुगल्या आणि पश्चिमेकडच्या कपाटाला बुरशी आली. आता सगळं काढून स्वतः करायचं आहे. कोणतं लाकूड वापरू? (एक वाचक, भरे)

लाकडाकडे वळण्याआधी भिंतीकडे बघा. आपल्याकडे पावसाचा झोत नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. भिंत बाहेरून भिजत असेल, तर आत कितीही महागाची फळी लावली तरी बुरशी येणारच. पावसाळ्यात कपाट काढलेल्या जागी फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला ओल जमली तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडच्या अंगाला दव धरलं, तर ती हवेतली दमट वाफ आहे. पहिल्याला बाहेरून गिलाव्याच्या भेगा, छज्जा आणि खिडकीच्या पट्टीचा ढाळ दुरुस्त करावा लागतो. दुसऱ्याला हवा खेळती ठेवण्याचा उपाय आहे.

आता फळी. भुश्याच्या दाबलेल्या फळ्या, म्हणजे पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ, पाणी पिऊन फुगतात आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. सिंकखाली त्या नकोतच. तिथे आयएस ७१० मानकाचं मरीन प्लाय घ्या. या मानकात प्लायचे तुकडे ७२ तास उकळून थर सुटतात का ते तपासलेलं असतं. बाकीच्या कोरड्या कपाटांना आयएस ३०३ मधलं पाण्याला टिकणारं, बीडब्ल्यूआर दर्जाचं प्लाय चालतं. फळीवर आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक आहे का ते दुकानातच बघा. शंका आली तर हाताएवढा तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात दोन-तीन तास उकळा. थर सुटले, कड फुलली, तर ते प्लाय परत करा.

पाणी फळीच्या कडेतून शिरतं. म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला, मागच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या कडांनासुद्धा, पट्टी किंवा रंगाचे दोन हात द्या. सनमायका दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलात तर फळी वाकते, दारं कुरकुरतात. कपाट जमिनीला टेकवू नका, १० सेंटीमीटर उंचीच्या पायांवर उभं करा. मागे भिंतीपासून बोटभर जागा सोडा. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्यांची मांडणी करून तिला फक्त दारं आणि स्टीलच्या बास्केट लावा. कडप्पा ना फुगतो, ना त्याला वाळवी लागते.

बास्केटचं स्टील चुंबकावरून ओळखता येत नाही. ३०४ आणि त्याहून हलक्या २०२, या दोन्ही दर्जांच्या स्टीलला चुंबक जवळपास चिकटतच नाही. दर्जा बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : ओट्यासाठी कडप्पा घ्यावा की ग्रॅनाइट? (एक वाचक, पौड)

मांडणीला कडप्पा, वर ग्रॅनाइट. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर सांडलं की आंबटाशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि पांढरट डाग पडतो. तो पुसून जात नाही. ग्रॅनाइटला आंबटाचा त्रास नसतो. गडद रंगाचा, एकसारख्या दाण्याचा घ्या. ओट्याला सिंककडे अगदी किंचित ढाळ द्या. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी कडेवरून मागे ओघळून ट्रॉलीच्या दारांवर येणार नाही. ही खाच दगड कापतानाच सांगायची असते.

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या भिंती सिपोरेक्सच्या आहेत. भिंतीवरची कपाटं मी स्वतः ड्रिल करून लावू का? (एक वाचक, पिरंगुट)

लावू शकता, पण विटांच्या भिंतीला चालणारे साधे प्लास्टिकचे प्लग इथे चालणार नाहीत. सिपोरेक्सची वीट सच्छिद्र आणि हलकी असते. साधा प्लग तिच्यात पकड धरत नाही, भार आला की भोक मोठं होत जातं. अशा ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात, तेच मागा. ड्रिल ठोक्याच्या मोडवर ठेवू नका, नुसतं फिरवा. प्रत्येक कपाट दोन भोकांवर टांगण्यापेक्षा भिंतभर आडवी धातूची पट्टी अनेक ठिकाणी घट्ट बसवा आणि कपाटं तिच्यावर अडकवा. त्यामुळे भार वाटला जातो आणि पाणसळही एकदाच लावावी लागते. वरच्या कपाटाची खोली ३० सेंटीमीटरच्या पुढे नेऊ नका, नाहीतर डोकं आपटतं. ओटा आणि कपाट यांत ५५ ते ६० सेंटीमीटर मोकळे सोडा. पितळेची भांडी, तांदळाचे डबे वर नकोत. वर पापड, चहाचे कप, हलके डबे. जड सगळं कमरेच्या खाली.

प्रश्न : मी आयटीआय केलेला आहे. वायरिंग आणि गॅसचा पाइपही स्वतः केला तर पैसे वाचतील. काय हरकत आहे? (एक वाचक, भरे)

हरकत आहे, आणि ती मी ठामपणे घेतो. या दोन कामांतली चूक तुमच्यापुरती राहत नाही. घरात झोपलेल्या लहानथोर सगळ्यांना ती भोगावी लागते. विजेचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि गॅसचं काम तुमच्या गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या. तुमच्या हातात यातलं महत्त्वाचं काम आहेच: कुठे काय लागणार, हे ठरवणं.

विजेचा हिशेब घरी करा. इंडक्शन शेगडी २,००० वॉटची असेल तर २३० व्होल्टला ती सुमारे ८.७ अँपिअर घेते, १,५०० वॉटची किटली ६.५, ७५० वॉटचा मिक्सर ३.३. तिन्ही एकदम चालू झाली तर बेरीज १८.५ अँपिअर होते. १६ अँपिअरचा एक पॉइंट तिथेच कमी पडला. म्हणून या यंत्रांसाठी वेगवेगळ्या सर्किटवरचे पॉइंट हवेत, आणि एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन कधीही नको. फ्रिजला स्वतंत्र पॉइंट द्या. सॉकेट सिंकपासून दोन फूट तरी लांब असावं. मुख्य बोर्डावर वीजगळती होताच प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का आणि अर्थिंग जिवंत आहे का, हे वायरमनकडून तुमच्यासमोर तपासून घ्या. भार वाढत असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज करा.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा: एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ठेवलेल्या कपाटाच्या दाराला खाली जाळी हवीच. बंद, देखणी, फट नसलेली ट्रॉली सिलिंडरसाठी धोक्याची आहे. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. रेग्युलेटर लावलेला सिलिंडर समोर ठेवून उंची मोजा, वर हात सहज फिरेल एवढी जागा सोडा आणि मगच कपाटाचं माप ठरवा. सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मधे जोड नको, ती भिंतीत गाडू नका. दर पाच वर्षांनी ती बदला, नळीवर मुदत छापलेली असते. गळती तपासायला साबणाचं पाणी वापरा, काडी कधीही नाही. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर दिवसरात्र घेतात.

प्रश्न : परसात चूल आहे, आत गॅस. आता चिमणी घेऊ की साधा एक्झॉस्ट फॅन पुरे? (एक वाचक, भरे)

फोडणी आणि तळण रोज होत असेल तर चिमणी घ्या. नसेल तर शेगडीच्या वरच्या अंगाला बसवलेला चांगला एक्झॉस्ट फॅन पुरतो. दहा बाय आठ फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली सुमारे २३ घनमीटर हवेची असते. तासाला दहा-बारा वेळा हवा बदलायची म्हटलं तरी गरज ताशी २७० घनमीटरच्या आसपास येते. म्हणून जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका. चिमणीचं काम बिघडतं ते पाइपमुळे. सहा इंची पाइप शेवटपर्यंत सहा इंचीच ठेवा, वळणं जमतील तितकी कमी करा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. तोंड पश्चिमेला काढू नका. चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटीमीटर उंचीवर लावा. आणि हवा बाहेर जायची तर ती आत यायलाही वाट हवी: खिडकीची एक फट उघडी ठेवा.

चूल मोडू नका, पण ती परसातच राहू द्या. तिचा धूर भिंतीवरून घरात शिरत असेल तर तिच्यावर धुराडं बांधा. सासूबाई किंवा आई रोज त्या धुरात बसत असतील, तर या खर्चाचा नंबर ट्रॉल्यांच्या आधी लागतो.

प्रश्न : सिंकचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं आहे. वर्षभरात खड्डा तुंबला, सिंकमधून वासही येतो. काय करावं? (एक वाचक, घोटावडे)

खड्डा तुंबला तो तेल-तुपामुळे आणि खरकट्यामुळे. शोषखड्ड्याच्या आधी झाकण असलेली एक छोटी टाकी बांधा. तिच्यात पाणी थांबतं, चिकट तवंग वर तरंगतो, गाळ खाली बसतो, आणि मधलं पाणी खालच्या अंगाला लावलेल्या वाकड्या पाइपातून पुढे जातं. तवंग काढायचं काम नियमित करा. सिंकच्या तोंडाला जाळी ठेवा.

वास येतो म्हणजे सिंकखाली ट्रॅप नाही किंवा त्यातलं पाणी आटतं. वाकड्या नळीत साठलेलं दोन इंच पाणी हाच वासाविरुद्धचा बांध आहे. लवचीक नळी सरळ खाली सोडू नका, ट्रॅप बसवा. पाइपाला मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर उतार द्या. प्रत्येक वळणावर उघडता येईल असं झाकण ठेवा, आणि ते ट्रॉलीच्या मागे लपवू नका.

प्रश्न : पैसे मोजके आहेत. आत्ता काय करावं आणि काय पुढे ढकलावं? (एक वाचक, भरे)

भिंतीच्या आत आणि दगडाच्या खाली जे जाणार आहे, ते आत्ता आणि चांगल्या प्रतीचं करा: पाइप, वायर, ट्रॅप, चिमणीचं भोक, ओट्याची योग्य उंची. भविष्यात लागेलसं वाटतं त्या प्रत्येक जागी विजेची रिकामी नळी आत्ताच टाकून ठेवा, तिचा खर्च किरकोळ असतो. दारं, सनमायका, वरची कपाटं, चिमणी पुढच्या वर्षी आली तरी बिघडत नाही. तोवर ओट्याखाली पडदा लावा. एक पावसाळा त्या खोलीत काढा. कोणती वस्तू खरोखर कुठे ठेवली जाते, पाणी कुठून झिरपतं, कोणता कोपरा कोणी वापरतच नाही, हे सगळं त्या चार महिन्यांत दिसतं. त्यानंतर केलेल्या ट्रॉल्या नेमक्या बसतात.

यापुढे पत्र पाठवताना खोलीचं हातानं काढलेलं चित्र जोडा. त्यात भिंतींची मापं, दार-खिडक्यांच्या जागा, पश्चिम कुठे आहे आणि रोज स्वयंपाक करणाऱ्यांच्या कोपराची उंची, एवढं असू द्या. म्हणजे तुमच्या घरापुरतं नेमकं उत्तर देता येईल.